पांढऱ्या गोळीचा वाटा

दिग्रसजवळून,
१८ फेब्रुवारी १९६५

प्रिय एस्तेर,

तीन वर्षांत तुझी इतकी पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. त्याबद्दल रागावायचं असेल तर मागाहून रागाव. आज हे पत्र मात्र पुरतं वाचल्याशिवाय खाली ठेवू नकोस. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. इथे ते कुणाजवळ नाही, आणि वेळेवर आलं नाही तर काही मुलं दगावतील अशी मला भीती आहे. नुसता प्रश्न लिहिला असता तर तू मला उलट चार प्रश्न विचारले असतेस, आणि पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा सहज मोडतो. म्हणून सगळं क्रमानं लिहिते. आपल्या मेट्रन म्हणायच्या ना, आधी मोजा, मग बोला.

आमचा दवाखाना तू पाहिलेला नाहीस. दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या सडकेच्या कडेला, एका कापूसवाल्या शेटजींच्या ट्रस्टनं बांधलेली बैठी इमारत. आठ खाटा, औषधांची एक खोली, मागे माझी राहायची जागा. डॉक्टर भगवानराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर इथे आले. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस मी. बाळंतपणं, विंचू, हगवण, जिनिंगमध्ये चिरडलेली बोटं. यातलं सगळं मला येतं आणि चांगलं येतं, हे तुला ठाऊक आहे. जे येत नाही ते गेल्या दिवाळीच्या सुमाराला तुझ्याच वॉर्डातून माझ्याकडे आलं. बिजली, सात वर्षांची, इथून दोन कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली. आई सुखीबाई, बाप उत्तमसिंग. डॉक्टरांनी तिला मुंबईला धाडलं होतं; तुम्ही रक्ताचा कॅन्सर ठरवून, औषधं सुरू करून, परत पाठवलंत. सोबत तुझ्या अक्षरातला एक कागद होता. प्रेडनिसोलोनची पांढरी गोळी बाजारात मिळते, ती आईबापांनी आणायची. दुसरी, पिवळी गोळी बाजारात मिळत नाही, ती माझ्या कपाटात कुलपात राहील आणि दर मंगळवारी बाजाराला आल्यावर सुखीबाईला आठवड्यापुरती द्यायची. होळीनंतर मुलीला परत दाखवायला आणायचं. शेवटची ओळ होती: पांढरी गोळी एकदम बंद करू नये. तिच्याखाली तू रेघ ओढली होतीस. का बंद करू नये, ते लिहिलं नव्हतंस. कागदावर जागा उरली नव्हती, हे मला दिसत होतं.

तुला आठवतं, नागपूरला आपण दुसऱ्या वर्षाला असताना पोट फुगलेली एक मुलगी आली होती, उमरेडकडची? कॅन्सरबद्दल आपल्याला जे शिकवलं ते एवढंच: खाट कोपऱ्यात न्या, पडदा लावा, आणि आईला वॉर्डात मोठ्यानं रडू देऊ नका. तू पडद्याच्या आत जाऊन बसलीस. मी बाहेर तापाचे तक्ते भरत होते. तेव्हा मला वाटायचं, या रोगात करण्यासारखं काही नाही, मग शिकवण्यासारखं तरी काय असणार? आता करण्यासारखं पुष्कळ निघालं आहे. औषधाची बाटली एसटीत बसून आमच्यापर्यंत येते. तिच्याबरोबर जे यायला हवं ते मात्र तिकडेच राहतं.

तुमच्याकडे बाहेरगावच्या नर्सेससाठी सहा आठवड्यांचं शिक्षण सुरू झालं आहे, ये, असं तू दोनदा लिहिलंस. मी दोन्ही वेळा अर्ज दिला. तुला कळवलं नाही, कारण नकार कळवायला मला आवडत नाही. ट्रस्टचं काम शेटजींच्या सूनबाई विमलताई पाहतात. बाई मनानं वाईट नाहीत. पहिल्या वेळी म्हणाल्या, “अवो सिस्टर, आपल्या इकडं कॅन्सरची लेकरं येतात कुठं? विंचू चावलेली येतात. विंचवाचं शिकाचं असन तं सांगा, उद्याच धाडते.” बैठकीतले सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या वेळी बिजली आलेली होती. तेव्हा म्हणाल्या, “एका पोरीसाठी सहा हप्ते दवाखान्याले कुलूप लावू का? अन् तुम्ही एकदा तिकडं गेल्या की मुंबईच्याच होऊन बसान.” तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

तर बिजली. परत आली तेव्हा सुखीबाईच्या कडेवर रिकाम्या बोऱ्यासारखी लोंबत होती. मग ताप गेला, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, आणि भूक लागली. अशी भूक मी पाहिली नव्हती. एक भाकरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, आणि हात आखडला की रडारड. गाल फुगले, डोळे बारीक दिसायला लागले, चेहरा थाळीसारखा गोल झाला. मंगळवारच्या बाजारात बाया तिला थांबवून गालाला हात लावत. “काय वो सुखी, काय चारून राह्यली पोट्टीले? पार टरारली ना!” सुखीबाई मान ताठ करून सांगायची, “मुंबईची गोळी हाये बाप्पा, पांढरी.” पिवळीचं नाव कुणी घेत नसे. तिच्यानं काही फुगत नव्हतं. मी सुखीबाईला बाजूला घेऊन सांगितलं की ही सूज आहे, मांस नाही, औषधानं येते. ती माझी कीव आल्यासारखी हसली. “असू द्या वो नर्सबाई. सूज तं सूज, पण पोट्टी भरेल दिसते का नाही?” त्यावर काय बोलतात, एस्तेर? तुम्ही तिकडे काही बोलत असाल. मी पिवळ्या गोळ्या मोजून तिच्या पदरात बांधून दिल्या.

या महिन्याच्या सुरुवातीला देवी टोचायला मी तांड्यावर गेले. कापसाच्या शेवटच्या वेचणीचे दिवस, मोठी माणसं शेतात. नायक खेमसिंग हा तांड्याचा म्होरक्या. त्यानं आपल्या अंगणात मुलं ओळीनं बसवून दिली. दंड धरून मी टोचत गेले. चौथ्या मुलाचा चेहरा गोल होता. मी हात थांबवला आणि ओळीवरून नजर फिरवली. पुढे आणखी एक गोल चेहरा. मग शेजारी शेजारी बसलेल्या दोघी. शेवटी, भिंतीला टेकून, एक चार वर्षांची. हातपाय काड्यांसारखे, आणि वर तोच फुगलेला चेहरा, तेच बारीक डोळे, गालांवर तीच लाली. पाच. बिजली त्यांच्यात नव्हती, ती आईबरोबर शेतात होती. तिचा चेहरा तेवढा काढून पाच धडांवर बसवल्यासारखं दिसत होतं. मी भित्री नाही, तुला ठाऊक आहे. त्या अंगणात मी ते चेहरे पुन्हा पुन्हा मोजले. या पाचांना टोचायचं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. टोचलं नाही. पुन्हा येईन म्हटलं आणि सुखीबाईची वाट पाहत ओट्यावर बसले.

तिनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तांड्यात बोकड कापलं की घरोघर सारखा वाटा जातो; नायकाला जेवढा, रांडव बाईला तेवढाच. वाटा न देता खाल्लेलं अंगी लागत नाही, असं ही माणसं मानतात. “माह्याच पोट्टीनं एकटीनं कसं खावं, नर्सबाई? ह्या लेकरायले पाहा, नुसत्या तुराट्या. देवानं गुण माह्या घरी धाडला, तं ज्याच्या घरी वाळलेलं लेकरू हाये त्याच्या घरी वाटा जाच लागते. नाही देला तं माह्याच पोट्टीचा गुण जाइन.” म्हणजे तिनं गोळी वाटली ती दयेपोटी, आणि मुलीला वाचवण्यासाठीही. बिजलीचे गाल भरले तसं, दिवाळीनंतर महिन्याभरातच सुरू केलं होतं. रोज एकेक. उत्तमसिंग बाजारात रिकामी बाटली दाखवून भरलेली आणायचा. दुकानदार द्यायचा, कारण मागेल त्याला ती गोळी मिळते. शेजारणी सुखीबाईला दुवा देत होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, “तुमच्या कपाटातल्या औषधानं कधी कोनाचे गाल आले का?”

आत्ताच्या आत्ता बंद करा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुझी ती रेघ ओढलेली ओळ आठवली. आणि त्याच्या पाठोपाठ भिंतीला टेकलेल्या त्या धाकटीची ओळख पटली. ती धनीबाईची मुलगी, लाली. संक्रांतीच्या आधी आमच्याच खाटेवर पडून होती. अंग थंड, घामेजलेलं, सारखी उलटी, नाडी बोटाखाली सापडेना. डॉक्टरांनी पटकी धरून सलाइन लावलं, पण जुलाब एकही नव्हता. तिचा चेहरा तेव्हाही भरलेला होता. वाटलं, अंगानं चांगली आहे म्हणून तगेल. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण उठून बसली आणि भाकर मागू लागली. आम्ही सलाइनचा गुण समजलो. आता धनीबाई सांगू लागली, “तव्हा घरच्या गोळ्या सरल्या होत्या ना वो. उत्तमसिंगभाऊनं नवी बाटली आणून देली, तं म्या तुमच्या पाठीमागं खाटीवरच एक चारली. उठलीच पोट्टी! गोळीबिगर पडते थे.” तांड्यानं त्याचा अर्थ असा लावला की गोळी इतकी गुणाची आहे की तिच्यावाचून लेकरू उभं राहत नाही. मी निराळा लावला: अंगाला गोळीची सवय जडली आहे, आणि ती एकदम तुटली म्हणून लाली पडली. दोन्ही अर्थांनी गोळी एकदम काढून घेता येत नव्हती.

शुक्रवारी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, निरोगी लेकराला औषध कशाला, बंद करून टाका. मी लालीची हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “सिस्टर, मी शिकलो तेव्हा ही गोळी जन्मली नव्हती. मला विचारून माझ्या तोंडून चूक वदवून घेऊ नका. मुंबईला विचारा.” त्या माणसाबद्दल मला इतका आदर पूर्वी वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले. होळीपर्यंत यायचे नाहीत.

होळीपर्यंत थांबता येणार नाही. तांड्याच्या पायथ्याच्या गावात एका घरी कांजिण्या निघाल्या आहेत. काल पाहिलं तर तिसऱ्या दारावर कडुलिंबाचे डहाळे लटकत होते. गावातले कांजिण्यांना माता म्हणतात, तांड्यातलेही म्हणतात. माता घरी आली की चुलीवर फोडणी पडत नाही आणि तोंडात औषध जात नाही. तांड्यात ती एका घरी आली तरी सगळी घरं पाळतात. खेमसिंग नायकानं मला आधीच बजावून ठेवलं आहे, “माता आली तं मंग गोळी नाही, नर्सबाई. तव्हा तुमचं चालत नाही अन् मुंबईचंही चालत नाही.” यात धमकी नव्हती, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. म्हणजे एका सकाळी पाचही मुलांची गोळी एकदम थांबेल, आणि कदाचित त्याच सकाळी त्यांच्या अंगावर फोड असतील. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते मला कुणी शिकवलेलं नाही, पण लालीची नाडी माझ्या बोटांना आठवते. इकडे होळीची लेंगी म्हणायला तांड्यात सुरुवात झाली आहे. दिवस कलला की डफ वाजतो आणि खालच्या गावची मुलं गाणं ऐकायला टेकाड चढून येतात. या पाचांच्या मांडीला मांडी लावून बसतात. त्यांना हाकलायचं तर गाणं थांबवायला हवं, आणि गाणं कशासाठी थांबवायचं हे मला नायकाला पटवता आलं नाही.

आणि बिजलीच्या नडग्यांवर मंगळवारी निळे डाग दिसले. पडलीस का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली. सुखीबाईनं त्यावर हळद लावली होती. चेहरा अजून गोल आहे, बाजारातल्या बाया अजून गालाला हात लावतात. खाली रोग परत येतो आहे आणि वर तो चेहरा ती बरी असल्याचं सांगतो आहे. होळीची वाट न पाहता तिला तुमच्याकडे न्या असं मी उत्तमसिंगला सांगितलं; ते येत्या सोमवारी निघतील. सुखीबाईनं मला सडकेपर्यंत सोबत केली आणि विचारलं, “नुसतं दाखवालेच ना? बरीच हाये ना ते?” मी म्हटलं, दाखवायला. त्यापुढचं वाक्य मला येत नाही. ते तूच बोल, आणि कसं बोललीस ते मला लिही, कारण इथे आणखी बिजल्या येतील. पण एक गोष्ट ध्यानात ठेव. ज्या दिवशी या मुलीचं काही बरंवाईट होईल त्या दिवशी तांड्याचा पांढऱ्या गोळीवरचा विश्वास उडेल, आणि त्याही दिवशी पाच घरांत ती एकदम बंद होईल. माता आली काय आणि ही गेली काय, मी तिथेच येऊन पोचते.

तेव्हा हे पत्र बिजलीसाठी लिहिलेलं नाही. तिची काळजी घ्यायला तू आहेस. मी काय करते आहे ते आता लिहिते. गेल्या आठवड्यापासून तांड्यातल्या सगळ्या पांढऱ्या बाटल्या माझ्या कपाटात आहेत; बिजलीची तेवढी आईकडे. माझ्या हातून दिली तरच गोळीचा गुण टिकेल असं मी नायकाला सांगितलं आणि त्यानं ते मानलं. रोज सकाळी मी दोन कोस चालत जाते. पाच निरोगी मुलं आ करून ओळीनं बसतात आणि मी त्यांच्या जिभेवर गोळी ठेवते. दर तीन-चार दिवसांनी पात्यानं ती थोडी थोडी लहान करते. किती लहान करायची आणि कधी शून्यावर यायचं, हे अंदाजानं ठरवते. आजवर अंदाजानं मी कुणाला औषधाचा एक थेंब दिलेला नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नाही, विमलताईंना नाही. आता फक्त तुला आहे. भराभर कापलं तर ती लालीसारखी पडतील. सावकाश कापलं तर माता आमच्या आधी पोचेल. या दोहोंच्या मधे वाट आहे का, असली तर केवढी, आणि माता आलीच तर नायकाचा शब्द मोडून चोरून द्यायची का, एवढं मला सांग. पत्रानं नको, तारेनं सांग. तुमचे सहा आठवडे मला मिळाले नाहीत. सहा ओळी पाठव. आज सकाळी लालीनं गोळी गिळली, पण तोंड मिटलं नाही. माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, “आज बारकी काहून देली?” तिच्यामागे बसलेल्या चौघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. उद्या सकाळी पुन्हा जायचं आहे.

तुझीच, आणि तुझ्या तारेवर डोळे लावून बसलेली,
यमुना